तन्नी म्हणजे मीच

आम्ही मूळचे तंजावरचे, त्याच्या आधीचे कुठले ते मला विचारू नका. अप्पा सांगायचे की राजाच्या फौजेबरोबर आपले कोणी खापरपणजोबा घोड्यावर बसून आले, आणि आई आतून म्हणायची घोड्यावर नाही हो, घोड्याच्या मागून चालत आले असतील, आपल्या घरात घोड्यावर बसायचं धैर्य कोणाला आहे. तर असे आम्ही. माझं नाव जानकी. अप्पांना मद्रासला अंबत्तूरच्या एका कारखान्यात लेथवर काम मिळालं म्हणून तंजावर सोडून इथं आलो, तेव्हा मी सहा वर्षांची आणि रंगू आईच्या पोटात. रंगू म्हणजे माझा भाऊ, रंगनाथराव, त्याचंच तर सांगायला बसलेय. तुम्ही पल्लवीच्या ऑफिसातले, पुण्याकडचे, तुम्हाला आमचं मराठी ऐकून हसू येईल, हसा, मला राग येत नाही. तीस वर्षं टी. नगरच्या साडीच्या दुकानात उभी राहून काढलीत मी, दिवसाला पन्नास साड्या उलगडायच्या, पन्नास घड्या घालायच्या, आणि बाई एकही न घेता उठून गेली तरी हसूनच पुन्हा या म्हणायचं. राग करायची सवयच गेली.

आईचा एक नियम होता. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याच्या बाहेर काय ते तुमचं तमिळ. आत कोणी चुकून तमिळ बोललं की आई ऐकूच आलं नाही असं दाखवायची, मराठीत मागेपर्यंत जेवण वाढायची नाही. शाळा तमिळ, खेळ तमिळ, भांडणं तर सगळी तमिळच, पण चप्पल काढली की जीभ बदलायची. कोणी विचारलं तर मातृभाषा मराठी म्हणून सांगायचं, हे ती आम्हाला देवाचं नाव शिकवावं तसं शिकवायची. आणि बाहेरचं म्हणजे काय, आमच्या गल्लीत तेव्हा नळाला पाणी नव्हतं, दिवसाआड लॉरी यायची, लॉरीचा भोंगा वाजला की सगळी गल्ली तण्णी, तण्णी करत धावायची. तण्णी म्हणजे पाणी, ते तुम्हालाही आता येत असेल. रंगू चार-पाच वर्षांचा असल्यापासून तो भोंगा ऐकला की हातातलं टाकून ओरडत पळायचा, आई आतून ओरडायची अरे पाणी म्हण, पाणी म्हण, पण तोवर तो उंबऱ्याच्या बाहेर गेलेला असायचा.

काय सांगू तुम्हाला, तो काही शूर वगैरे नव्हता. लोकांना वाटतं लढाईत गेला म्हणजे लहानपणापासून काठीची बंदूक घेऊन फिरत असेल. आमचा रंगू पालीला घाबरायचा. मोरीत पाल दिसली की अंघोळ टाकून बाहेर, मग मी जाऊन झाडूनं हाकलायची. झोप मात्र भारी, आणि अंगात ताकद. लॉरी आली की आमच्या दोन घागरी झाल्यावर गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या घागरी तोच वाहायचा, कोणी सांगायला नको. म्हाताऱ्या त्याला मुरुक्कू द्यायच्या, म्हणजे तुमची चकली, ते खिशात भरून आणायचा आणि खिसे तेलकट म्हणून आईचा मार खायचा. बारावी कशीबशी झाला. अप्पा गेले त्या वर्षी, छातीत कळ येऊन, कारखान्यातच. त्यांच्याच लेथवर रंगूला घेतो म्हणाले मालक, रंगू आठ महिने गेला आणि म्हणाला अक्का, मला त्या मशीनपाशी उभं राहिलं की अप्पा दिसतात, मला नाही जमणार.

भरतीला तो मित्राच्या सोबतीनं म्हणून गेला होता. मित्र परत आला, हा निवडला गेला. तिथं टेबलावरच्या माणसानं विचारलं मातृभाषा, यानं सांगितलं मराठी. तो माणूस हसला म्हणे, मद्रासमध्ये मराठी? मग एका साहेबाला बोलावलं, साहेब मराठी होता, त्यानं याला चार प्रश्न विचारले, यानं आईनं शिकवलेली सगळी उत्तरं दिली, साहेब खूश झाला आणि म्हणाला हा पोरगा आपल्या पलटणीत द्या. म्हणजे मराठी पलटणीत. बाकी आमच्या बाजूची सगळी पोरं जिथं जातात तिथं हा गेला नाही. आईला किती आनंद झाला म्हणून सांगू, गल्लीत घरोघरी जाऊन तिनं सांगितलं, तेही तमिळमध्ये, की माझ्या शिकवण्यामुळं माझ्या पोराला मराठी पलटण मिळाली. हे तेवढं लक्षात असू द्या, पुढं लागेल.

पलटणीत सगळे कोल्हापूर, सातारा, विदर्भ असे. हा बोलायला लागला की ते पोट धरून हसायचे, म्हणायचे तू पोथी वाचल्यासारखं बोलतोस. यालाही त्यांचं अर्धं कळायचं नाही. एकदा स्वयंपाकाच्या कामावर याची पाळी होती आणि नामदेव म्हणून एक विदर्भातला होता, तो म्हणाला डाळीवर थोडा सांबार टाक. आता त्यांच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर. आमचा शहाणा म्हणाला डाळीवर सांबार कोण टाकतं, सांबार तर आमच्या तंजावरच्या राजाच्या मुदपाकखान्यातलं, ते भातावर घेतात, आणि नामदेव म्हणाला कोणता राजा रे गवत शिजवून खातो. दोघं हमरीतुमरीवर आले. हवालदारानं येऊन दोघांनाही पळायची शिक्षा दिली, पळता पळता दोघांना उलगडा झाला आणि तिथून त्यांची दोस्ती. पलटणीत रंगूचं नावच सांबार पडलं. पत्रात त्यानं हे सगळं लिहिलेलं. त्याची पत्रं मराठी, पण अक्षर तमिळ, आम्हाला बाळबोध लिपी कुठं येते, मला आत्ता आत्ता थोडी यायला लागलीय. त्याची पत्रं पलटणीत कोणाला वाचता यायची नाहीत, आणि नामदेव म्हणायचा तू नक्कीच कोण्या पोरीला लिहितोस, लपवून.

सुट्टीवर आला की आई त्याच्याभोवती फिरायची आणि त्याच्या बोलण्यातल्या चुका काढायची. तो काहून म्हणायला शिकला होता, नामदेवचं. आईनं जेव म्हटलं की म्हणायचा काहून? आई म्हणायची काहून म्हणजे काय मेलं, कां म्हण. तो मुद्दाम दिवसभर काहून काहून करायचा. शेवटच्या सुट्टीत त्यानं मला सांगितलं की अक्का, आणखी थोडी वर्षं नोकरी करतो आणि मग इथंच एक टेम्पो घेतो, मला तिथलं थंड सहन होत नाही. लग्नाचं विचारलं तर लाजला. पोरगी बिरगी काही नव्हती, मला माहीत आहे, माझ्यापासून लपवणं त्याला जमायचंच नाही. जाताना आईच्या पाया पडला, माझ्या पडला नाही, माझ्या डोक्यावर टपली मारून गेला.

मग ती लढाई. डोंगरावरची. तुम्ही तेव्हा लहान असाल. आम्ही शेजारच्यांच्या टीव्हीवर बघायचो, नुसते दगड आणि धूर, आई म्हणायची ह्यात रंगू दिसेल का. मी दुकानात होते तेव्हा निरोप आला, सेठनी स्वतः येऊन माझ्या हातातली साडी काढून घेतली आणि म्हणाले जानकी, घरी जा, मी ऑटो सांगितलाय. तेवढ्यावरून कळलं. पेटी आली, झेंडा आला, मोठी मोठी माणसं आली, आमच्या गल्लीत लॉरीसुद्धा मुश्किलीनं शिरते तिथं लष्कराची गाडी मागं मागं घेत आणली. सव्वीस वर्षांचा होता. ज्यांच्या घागरी तो वाहायचा त्या म्हाताऱ्या दारात बसून होत्या दिवसभर, उठायलाच तयार नव्हत्या. हे मी भरभर सांगतेय, ह्यात थांबता येत नाही मला.

सात-आठ महिने झाले असतील. पोंगल होऊन गेला होता, भर दुपारी एक उंच काळासावळा माणूस दारात उभा, डोक्यावरचे केस कापलेले, पायात बूट, हातात पिशवी. म्हणाला सांबारचं घर हेच का. आई आत होती, तिला मी म्हटलं रंगूचा मित्र आलाय, ती कॉफी टाकायला वळली, तिला वाटलं आधी पोटात काही जाऊ दे, मग मी समोर बसून सगळं विचारीन. तेवढ्या वेळात जे झालं ते झालं.

नामदेव जमिनीवरच बसला, खुर्ची दिली तरी. मी न विचारताच सांगायला लागला, मला वाटतं रेल्वेत दोन दिवस तो मनात तेच घोकत आला असावा. पहाटे ते वर चढत होते, उजाडलं तसा वरून मारा सुरू झाला, एक गोळा जवळ फुटला आणि रंगूच्या पोटात लागलं. नामदेवनं त्याला ओढून एका दगडामागं घेतला. दगड किती मोठा होता, वारा कोणत्या बाजूनं होता, सगळं सांगितलं त्यानं. तिथून हलता येईना, डोकं वर काढलं की गोळी. दोन तास हे दोघं तिथं पडून होते. रंगू पुष्कळ वेळ शुद्धीत होता, आईचं काही बोलला, मग बोलणं अडखळायला लागलं, आणि मग एकच नाव घेत राहिला. तन्नी, तन्नी. नामदेव म्हणाला, म्या त्याले म्हनलं, भेटशील रे तन्नीले, हे आता आपले लोक वर येतील, तुले खाली नेतील, भेटशील तू तिले. तो पुन्हा तन्नी म्हणायचा, म्या पुन्हा तेच म्हनो. शेवटपर्यंत तिचंच नाव घेतलं त्यानं ताई. म्या त्याची सगळी पत्रं उलटीपालटी केली तिचा पत्ता भेटते का म्हणून, पण ते अक्षर मले येत नाही. ही तन्नी कोण हाये, मले तिले भेटायचं हाये. आणि पिशवीतून एक लोकरीची लाल शाल काढली, रंगूनं खालच्या बाजारात घेतलेली, म्हणाला ही तिचीच असंल, म्या तिच्या हातात देतो मंग जातो.

त्यांच्याकडं पाण्याचं पानी होतं ना, तसं तण्णीचं तन्नी झालं होतं.

अहो, मला एका क्षणात कळलं.  घरात पाणी म्हणणारा पोरगा, मराठी साहेबाला मराठीत उत्तरं देणारा पोरगा, शुद्ध हरपत गेली तसा उंबऱ्याच्या बाहेर गेला असेल, आणि तहान लागली असेल. पोटात लागलं की फार तहान लागते म्हणतात. तो पाणी मागत होता आणि त्याचा जिवाचा मित्र त्याला सांगत होता की भेटशील तिला. आमच्या बाजूच्या पोरांच्या पलटणीत असता तर कोणालाही कळलं असतं. आणि आत आई कॉफी गाळत होती, जिनं पोराला सांगितलं होतं मातृभाषा मराठी म्हण.

मी नामदेवकडं बघितलं. तो पंचवीस-सव्वीसचाच, डोळे खोल गेलेले, शाल दोन्ही हातांवर धरून बसलेला. ह्याला मी काय सांगू? तन्नी म्हणजे पाणी म्हणून सांगितलं तर हा उठेल कसा, घरी जाईल कसा, पुढं घास गिळेल कसा? मी म्हटलं, तन्नी म्हणजे मीच.

तो म्हणाला, पण तो तर तुमाले अक्का म्हणे. मी म्हटलं अक्का मोठेपणी, माझं नाव जानकी, लहान असताना त्याला जानकी म्हणता यायचं नाही, तन्नी म्हणायचा. कुठून सुचलं देव जाणे. गिऱ्हाइकाला हा रंग तुम्हालाच खुलतो म्हणून सांगायची सवय असते आम्हाला, पण ते वेगळं. त्यानं शाल माझ्या हातात दिली आणि तिथंच रडायला लागला, म्हणाला बहिणीचं नाव घेत गेला, चांगलं झालं ताई, मले वाटे कोणी पोरगी वाट पाहत असंल बिचारी. आई कॉफी घेऊन आली तेव्हा आम्ही दोघंही रडत होतो, तीही रडायला लागली, तिनं काही विचारलं नाही. कॉफी तशीच गार झाली.

तुम्हाला वाटेल मी मोठी दयाळू. तसं नाही. नामदेव परत गेल्यावर कितीतरी महिने मला त्याचा राग यायचा. एवढा सख्खा मित्र, एवढी वर्षं बरोबर जेवलास, एक शब्द शिकला नाहीस? कोरडे ओठ बघून कळलं नाही? आणि तुझ्याजवळ पाणी होतं की नव्हतं? हे मी त्याला विचारलं नव्हतं, विचारता आलंच नसतं, विचारलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. पण हा एक प्रश्न माझ्या आत बसून राहिला. गल्लीत लॉरी यायची, सगळे ओरडत धावायचे, मी घागर घेऊन रांगेत उभी राहायची आणि तो शब्द चहूकडून कानात शिरायचा. काय सांगू. हे शहर दिवसभर तोच शब्द बोलतं, बसमध्ये, दुकानात, हॉटेलात. कान कुठं ठेवू?

नामदेव वर्षातून दोनदा फोन करायचा, पोंगलला आणि रंगूच्या दिवसाला, तन्नीताई म्हणायचा, मोठ्या आवाजात, आमचा फोन जुना, आईला ऐकू जायचं. एकदा तिनं विचारलंच, हा तुला तण्णी काय म्हणतो ग? मी म्हटलं त्यांच्या बाजूला बहिणीला लाडानं तसं म्हणतात. आई हसून हसून बेजार, म्हणाली कसली उलटी माणसं, कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि बहिणीला तण्णी. मग जो येईल त्याला ती ही गंमत सांगायची. तसंच समजून ती गेली, दहा वर्षं झाली. की समजून घेऊन गेली, ते मला सांगता यायचं नाही, आमची आई साधी नव्हती. शाल तिच्या अंगावर घालून पाठवली तिला. मद्रासच्या उकाड्यात लोकरीची शाल, लोक बघत होते, बघू देत.

मध्ये एक सबंध वर्ष नामदेवचा फोन आला नाही. त्याच्या गुडघ्याला काही लागलं होतं, लष्कराच्या इस्पितळात होता, एवढं मागून कळलं. मला वाटलं विसरला, माणसं विसरतात, विसरूही दे. मग पुढच्या पोंगलला आला फोन, तन्नीताई म्हणून, आवाज थोडा बसलेला. मी ओ दिली. लग्न झालं त्याचं, मुलगी झाली, पलटणीतून निवृत्त झाला, आता गावाकडं एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो. मुलगी शिकली. आणि ह्या वर्षी फोन आला की ताई, पल्लवीले तुमच्या चेन्नईत नोकरी लागली, सिरुसेरीले, तिले सोडायले मीच येतो.

आनंद व्हायला पाहिजे होता. मला घाम फुटला. चेन्नईत नवीन आलेला माणूस पहिला शब्द कोणता शिकतो? ती पोरगी दोन दिवसांत शिकणार, बापाला सांगणार. इतकी वर्षं झाकलेलं त्याला ह्या वयात कळणार, तेही कोणाकडून तरी, गंमत म्हणून. मी ठरवलं आपणच सांगावं. बसमध्ये उभ्यानं वाक्यं जुळवायची मी, भाऊ, एक सांगायचं राहून गेलं. भाऊ, रागावू नका. भाऊ, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं काय हो, कोणाशी बोलता.

नामदेवनं आधी पल्लवीला हॉस्टेलवर सोडलं, आणि रविवारी दोघं जेवायला माझ्याकडं आले. तीन दिवस झाले होते तिला. नामदेवचे केस पांढरे झालेत, जिना चढताना गुडघा धरतो. दारातच म्हणाला तन्नीताई, वास तर भारी येऊन राह्यला. मी पानं मांडली, भात वाढला, वाढता वाढता दोनदा सांगायला तोंड उघडलं, दोनदा पापड वाढला. आणि पोरगी पहिला घास घेऊन हसत हसत म्हणाली, आत्या, एक सांगू, आमच्या हॉस्टेलला पाणी नसतं ना, तर सकाळी टँकर आला की वॉर्डन ओरडते तण्णी वंदाच्चु, तण्णी वंदाच्चु. मी विचारलं तण्णी म्हणजे काय, तर पाणी! म्हणजे तुमचं नाव पाणी आहे?

मी आमटीची पळी भांड्यात ठेवून दिली. नामदेव पानाकडं बघत राहिला. जेवण झालं कसं ते मला आठवत नाही. पोरगी हुशार आहे, काहीतरी झालं एवढं तिला कळलं, ती हात धुऊन म्हणाली मी खाली जाऊन विड्याची पानं आणते. दार लोटून गेली.

मी म्हटलं, भाऊ. त्यानं हातानं थांबवलं मला. म्हणाला, मले ठाऊक हाये ताई. इस्पितळात होतो तवा बाजूच्या खाटेवर तुमच्याकडचा एक जवान होता. ऑपरेशन झाल्यावर तो पडल्या पडल्या तन्नी, तन्नी करे. नर्स आली अन् तिनं त्याच्या तोंडाले चमच्यानं पानी लावलं.

तेव्हा म्हणून फोन आला नव्हता वर्षभर.

मी म्हटलं मग पुन्हा तन्नीताई कसं म्हणालात, बोलला का नाहीत? तो म्हणाला, तुमी माह्यासाठी नाव बदललं ताई. माह्या जिवाले लागू नये म्हणून सख्ख्या भावाचं शेवटचं बोलनं तुमी आपल्या अंगावर घेतलं. म्या काय म्हनू? तुमी ओ देत होत्या, म्या हाक मारत होतो.

आम्ही दोघं म्हातारी माणसं उष्ट्या पानांसमोर बसलो होतो. आणि मग मी विचारलं. इतकी वर्षं जे आत होतं ते आपोआपच आलं बाहेर. मी म्हटलं, भाऊ, पाणी होतं का तेव्हा तुमच्याजवळ?

त्यानं पुढ्यातलं पान अर्धं दुमडलं. मग म्हणाला, होतं, बाटलीत थोडं होतं. पोटात लागलेल्याले पानी पाजू नाही, हे आमाले शिकवलेलं होतं. पन त्याचे ओठ लय फुटले होते ताई. म्या माह्या गळ्यातला रुमाल भिजवून त्याच्या तोंडाले लावला, त्यानं चोखला. पुन्हा भिजवला, पुन्हा लावला. तन्नी काय ते कळत नव्हतं, पन रुमाल देत होतो. बाटली संपेपर्यंत देत होतो. तहानेला नाही गेला तो.

आता ऐका. पहिल्या वेळी आला होता तेव्हा ह्या माणसानं मला दगड किती मोठा होता ते सांगितलं होतं, वारा कुठून येत होता ते सांगितलं होतं, रुमालाचं अक्षरही बोलला नव्हता. तीस वर्षं दुकानात गेलीत माझी, समोरचा खरं बोलतो की मन राखायला बोलतो, ते मला त्याच्या तोंडाकडं बघून कळतं. मी बघितलं नाही. मी पानं उचलायला खाली वाकले आणि म्हटलं, बरं केलंत भाऊ. मी त्याला एक दिलं होतं, इतकी वर्षं त्यानं ते सांभाळलं. त्यानं मला हे दिलं असेल, तर मीही सांभाळीन. आणि खरंच असेल, तर देव त्याचं भलं करो.

पल्लवी आता दर रविवारी येते, माझ्याकडून आमचं मराठी शिकते आणि मला तिची लिपी शिकवते. नामदेवचा फोन येतो, अजून तन्नीताईच म्हणतो, मी ओ देते. सुखी आहे म्हणा, माझं काही अडत नाही. देव तुम्हा पोरांना उदंड आयुष्य देवो. तुम्ही हे सगळं लिहून काढणार आहात ना, काढा, आमचं मराठी सुधारायचं तिथं सुधारा, मला काही वाटणार नाही. फक्त एक वाक्य मी सांगते तसंच लिहा, त्यात एक अक्षर इकडचं तिकडं करू नका. माझा भाऊ पाणी पिऊन गेला.